पाण्याचे विद्युत अपघटन आणि उपग्रहाचे प्रणोदन

पूर्वज्ञान : न्यूटनचे गतिनियम, मोल संकल्पना, फॅरडेचे विद्युत अपघटनाचे नियम (अकरावी-बारावी विज्ञान).

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम हे कोळ्यांचे जुने गाव लागते. (केरळातले पर्यटकांचे कोवलम वेगळे. योगायोग असा की तेही थुंब्याच्या अवकाश केंद्रापासून फार लांब नाही.) चेन्नईच्या या कोवलमपासून थोडे दक्षिणेला तिरुविडंदै आहे. तिथूनच २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘रुमी-१’ हे संकरित इंजिनाचे छोटे रॉकेट एका फिरत्या प्रक्षेपकावरून उडवण्यात आले. त्याच किनाऱ्याने आणखी पुढे गेले की नेम्मेलीचा प्रकल्प येतो. तिथे २०१३ पासून समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून चेन्नईला पिण्याचे पाणी पुरवले जाते. रॉकेट आणि पाणी काही किलोमीटरच्या अंतरात असलेला हा किनारा आपल्या विषयाला सोयीचा आहे, कारण या टिपणातला प्रश्नच असा आहे : पाणी घेऊन वर गेलेला उपग्रह त्या पाण्याच्या जोरावर आपली कक्षा बदलू शकेल का?

उत्तर ‘होय’ असे आहे. पण ते ‘होय’ कशाच्या बदल्यात मिळते, याचा हिशेब मांडायचा आहे.

आधी एक गैरसमज

पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून झाल्यावर जी राख उरते ती म्हणजे पाणी, असे समजायला हरकत नाही. राखेतून पुन्हा जाळण्याजोगी वस्तू मिळवायची तर जळताना बाहेर पडलेली सगळी ऊर्जा परत भरावी लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच. तमिळनाडूत १९९६ साली पाणी आणि वनस्पती यांपासून पेट्रोल तयार केल्याचा दावा देशभर गाजला होता. तपासणीत तो टिकला नाही. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात. त्या वाचताना एकच प्रश्न विचारावा : ऊर्जा कुठून आली?

उपग्रहाच्या बाबतीत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ऊर्जा सौरपट्ट्यांतून येते. पाणी हे फक्त मागे फेकायचे वस्तुमान आहे आणि त्यात सूर्याची ऊर्जा काही काळ साठवून ठेवता येते. म्हणून पुढे आपण पाण्याला ‘इंधन’ न म्हणता ‘प्रणोदक’ म्हणू.

लहान उपग्रहांची अडचण

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ ने एकूण २० उपग्रह नेले. त्यांत दोन विद्यार्थ्यांनी बांधलेले होते : पुण्याच्या सीओईपीचा सुमारे १ किलोचा ‘स्वयम्’ आणि चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा सुमारे दीड किलोचा ‘सत्यभामासॅट’. सत्यभामा विद्यापीठ कोवलमच्या उत्तरेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आहे. दोन्हींपैकी एकावरही इंजिन नव्हते. ‘स्वयम्’ने तर स्वतःची दिशा राखण्यासाठी चुंबक वापरला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषांशी तो आपोआप जुळत असे. रॉकेटने सोडले तिथून पुढचा प्रवास वातावरणाच्या विरळ रोधाच्या मर्जीवर.

इंजिन का बसवत नाहीत? जागा आणि पैसा ही कारणे आहेतच. पण खरे कारण शेजाऱ्यांचे आहे. लहान उपग्रह हा दुसऱ्याच्या रॉकेटवरचा पाहुणा असतो. ज्याच्यासाठी रॉकेट उडते त्या मोठ्या उपग्रहाची किंमत शेकडो कोटींत असते, आणि त्याच्या मालकाला शेजारी स्फोटक वस्तू नको असते. क्यूबसॅट या घनाकृती उपग्रहांच्या मानक नियमावलीत बराच काळ १.२ वातावरणाहून जास्त दाबाची टाकी आणि १०० वॅट-तासांहून जास्त साठवलेली रासायनिक ऊर्जा यांना सरसकट मनाई होती.

मोठ्या उपग्रहांत दशकानुदशके वापरले गेलेले प्रणोदक म्हणजे हायड्राझिन. ते विषारी आहे, कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, आणि भरताना तंत्रज्ञांना नखशिखान्त बंद पोशाख घालून बाहेरून श्वासाची हवा घ्यावी लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे शक्य नाही, आणि कोणी परवानगी देऊही नये.

दुसऱ्या बाजूने दबाव वाढतो आहे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये, खालच्या कक्षेतले उपग्रह काम संपल्यावर २५ नव्हे तर ५ वर्षांत खाली आणावेत असा नियम केला. भारतानेही २०३० पर्यंत आपल्या मोहिमा अवकाश-कचरामुक्त करण्याचे ध्येय २०२४ साली जाहीर केले. म्हणजे इंजिन बसवू देत नाहीत, पण वेळेत खाली या असेही म्हणतात. या कात्रीतून निघण्याचा एक मार्ग पाणी हा आहे. उड्डाणाच्या वेळी टाकीत साधे पाणी असते. त्याला दाब नाही, विष नाही, आग नाही. धोकादायक वायू तयार होतात ते कक्षेत पोचल्यावर, शेजारी दूर गेल्यावर, आणि तेही एका वेळी ग्रॅमभर.

रसायनशास्त्र : एका ग्रॅमचा हिशेब

निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली विजेच्या प्रवाहाने पाण्याचे दोन वायू वेगळे केले. फॅरडेचे नियम १८३०च्या दशकातले. आपल्याला लागणारे रसायनशास्त्र एवढेच जुने आहे :

पाण्याचे २ रेणू + विद्युत ऊर्जा → हायड्रोजनचे २ रेणू + ऑक्सिजनचा १ रेणू

पाण्याच्या प्रत्येक रेणूसाठी २ इलेक्ट्रॉन लागतात. १ मोल म्हणजे १८ ग्रॅम पाण्यासाठी २ × ९६,४८५ कूलोम. म्हणून १ ग्रॅम पाण्यासाठी सुमारे १०,७११ कूलोम, म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर-तास.

किती व्होल्ट लावायचे? सैद्धांतिक किमान १.२३ व्होल्ट (२५ अंश सेल्सियसला). पण एवढ्यावर अभिक्रिया चालू ठेवायची तर घटाने सभोवतालातून उष्णता शोषून घ्यावी लागते. उष्णतेची देवाणघेवाण शून्य होते ती १.४८ व्होल्टला. प्रत्यक्ष घट, प्रवाह बऱ्यापैकी हवा असेल तर, १.८ व्होल्टच्या आसपास चालवतात. आपण पुढे हाच आकडा धरू :

१०,७११ कूलोम × १.८ व्होल्ट = १९,२८० ज्यूल, म्हणजे ग्रॅमला सुमारे १९.३ किलोज्यूल.

लहान उपग्रहाला या कामासाठी १० वॅट देता आले, तर १ ग्रॅम पाणी फोडायला १,९३० सेकंद, म्हणजे ३२ मिनिटे लागतील. ५०० किलोमीटर उंचीवरची एक प्रदक्षिणा साधारण ९५ मिनिटांची असते आणि तिचा एक तासाच्या आसपासचा भाग उन्हात जातो. तेव्हा प्रत्येक प्रदक्षिणेत १ ग्रॅम हे उद्दिष्ट आरामात जमण्यासारखे आहे. हा ‘प्रदक्षिणेला एक ग्रॅम’ आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळे त्यावर बसवायचे आहे.

१.८ आणि १.४८ यांतला ०.३२ व्होल्टचा फरक उष्णता बनून घटातच राहतो. १० वॅटपैकी सुमारे १.८ वॅट. पृथ्वीवर ही उधळपट्टी झाली असती. अवकाशात मात्र पाण्याची टाकी गोठू न देण्यासाठी नाहीतरी हीटर लावावाच लागतो, तेव्हा ही ऊब वाया जात नाही.

बुडबुडे वर जात नाहीत

शाळेतल्या प्रयोगात दोन परीक्षानळ्या पाण्याने भरून इलेक्ट्रोडांवर पालथ्या घालतात. बुडबुडे वर चढतात, एका नळीत दुप्पट वायू जमतो, आणि शिक्षक पेटती काडी नेऊन ‘पॉप’ असा आवाज ऐकवतात. या सगळ्या प्रयोगात एक कामगार न बोलता राबत असतो, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. बुडबुडा वर जातो कारण पाणी खाली जाते.

कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहात ‘वर’ नाही. बुडबुडा जिथे जन्मला तिथेच इलेक्ट्रोडला चिकटून बसतो, फुगत जातो, आणि इलेक्ट्रोड व पाणी यांच्यात वायूचा थर तयार होतो. वायू विजेचा दुर्वाहक, त्यामुळे थोड्या वेळात घट बंद पडतो. शिवाय थ्रस्टरकडे जाणाऱ्या नळीत वायूऐवजी पाणी शिरण्याची भीती.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला म्हणजे उपग्रहच गरगर फिरवणे. मिनिटाला ६० फेऱ्या दिल्या तर अक्षापासून १० सेंटिमीटरवर सुमारे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या चाळीस टक्के. पाणी बाहेरच्या कडेला, वायू अक्षाकडे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘सिसलुनर एक्सप्लोरर्स’ या विद्यार्थी प्रकल्पाची रचना अशीच होती. उपाय स्वस्त आहे, पण फिरणाऱ्या उपग्रहाचा कॅमेरा एका जागी रोखता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पटल. नॅफिऑनसारख्या बहुवारिकाचे, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतके जाड पटल मधे ठेवतात. त्यातून हायड्रोजनचे धन आयन पलीकडे जातात, वायू जवळजवळ जात नाहीत. धनाग्राच्या बाजूला पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, आयन पटलातून ऋणाग्राकडे जातात आणि तिथे हायड्रोजन बनतो. दोन्ही वायू आपापल्या बाजूला, वेगवेगळ्या टाक्यांत. पाण्यात आम्ल किंवा अल्कली घालावी लागत नाही, कारण पटल स्वतःच विद्युत अपघटनीचे काम करते.

‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम वापरला. थोडा हायड्रोजन पटलातून ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतोच. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण पेट घेऊ शकते, आणि पेटायला लागणारी ठिणगीची ऊर्जा मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाइतकीही पुरते. घट बराच वेळ अगदी कमी प्रवाहावर चालवला तर ऑक्सिजन कमी बनतो पण झिरपणे तेवढेच राहते, आणि प्रमाण वाढते. म्हणून असा घट चालवायचा तर ठीक चालवावा, नाहीतर बंद ठेवावा. हा नियम प्रयोगशाळेतही लागू आहे : दोन्ही वायू एकाच बाटलीत जमा करून ठेवण्याचा प्रयोग घरी किंवा वर्गात कधीही करू नये.

पटलाच्या घटाचा एक गुण मला विशेष आवडतो. वायू दाबून भरायला वेगळा पंप लागत नाही. टाकीचे तोंड बंद ठेवून घट चालू ठेवला की दाब आपोआप वाढत जातो. दाब १ वातावरणावरून १० वातावरणांवर नेण्यासाठी सैद्धांतिक किमान व्होल्टेज फक्त ०.०४४ व्होल्टने वाढते (नर्न्स्ट समीकरणाने पडताळून पाहा). फिरणारा एकही भाग नसलेला हा कंप्रेसर आहे.

१ ग्रॅम पाण्यातून खोलीच्या तापमानाला आणि १ वातावरण दाबाला सुमारे १.३६ लिटर हायड्रोजन आणि ०.६८ लिटर ऑक्सिजन मिळतो. १० वातावरणांवर तेच अनुक्रमे १३६ आणि ६८ मिलिलिटर होते. दोन छोट्या बाटल्यांत बसण्याइतके. १० ग्रॅमचा वायू एकदम साठवायचा म्हटले तर मात्र दोन लिटर जागा जाईल. त्यामुळे ‘थोडे फोडा, थोडे जाळा’ हीच पद्धत परवडते.

समुद्राचे पाणी चालेल का?

कोवलमच्या किनाऱ्यावर उभे राहून हा प्रश्न सुचणे साहजिक आहे. उत्तर नाही, आणि नेम्मेलीचे गोड पाणीही नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मोठ्या प्रमाणात क्लोरीन सुटू लागतो आणि ऋणाग्रावर मॅग्नेशियम-कॅल्शियमचे पांढरे थर बसतात. नेम्मेलीत व्युत्क्रम परासरणाने क्षार काढून पाणी पिण्यायोग्य होते. पण पिण्यायोग्य पाण्यातही लिटरला काही शे मिलिग्रॅम क्षार राहिलेले चालतात, आणि चवीसाठी ते हवेतही. पटलाला ते चालत नाहीत. सोडियम, कॅल्शियम, लोह यांचे धन आयन पटलात जाऊन हायड्रोजन आयनांच्या जागा अडवतात आणि तिथून हलत नाहीत. घटाचे व्होल्टेज दिवसेंदिवस चढत जाते. यासाठी आयनमुक्त पाणी लागते, ज्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला १ मायक्रोसिमेन्सहून कमी असते. पाण्याइतकाच टाकीच्या आणि नळ्यांच्या धातूचाही विचार करावा लागतो, कारण शुद्ध पाणी वर्षभर टाकीत राहिले की ते धातूतून आयन ओढून घेते. उड्डाण लांबले आणि उपग्रह सहा महिने कपाटात पडून राहिला, असे या क्षेत्रात नेहमी होते.

(तहानलेल्या चेन्नईचे पाणी अवकाशात कशाला, अशी शंका कोणाला आली असेल तर : आपण ज्या उपग्रहाचा हिशेब करत आहोत त्याला आयुष्यभरासाठी लागणारे पाणी एका बाटलीत मावते.)

किती रेटा, किती वेग?

रॉकेटची गुणवत्ता ‘विशिष्ट आवेग’ या राशीने मोजतात. एकक सेकंद. त्याला ९.८१ ने गुणले की वायू मागे फेकला जाण्याचा प्रभावी वेग मिळतो. नायट्रोजन नुसता दाबाखालून सोडला तर सुमारे ७० सेकंद. हायड्राझिन उत्प्रेरकावर विघटित केले तर सुमारे २२०. आणि पाण्यापासून केलेले हायड्रोजन-ऑक्सिजन छोट्या थ्रस्टरमध्ये जाळले तर सुमारे ३०० सेकंद. म्हणजे प्रभावी वेग २,९४३ मीटर प्रति सेकंद.

इथे चौकस विद्यार्थी थांबेल. हायड्रोजन आणि ऑक्सिजन तर इस्रोच्या क्रायोजेनिक इंजिनातही जळतात, आणि एलव्हीएम-३ च्या सीई-२० इंजिनाचा विशिष्ट आवेग ४४० सेकंदांच्या पुढे आहे. मग आपले ३००च का?

दोन कारणे. सीई-२० मध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे वस्तुमानाचे गुणोत्तर ५ च्या आसपास ठेवतात. म्हणजे हायड्रोजन गरजेपेक्षा बराच जास्त. न जळलेला हलका हायड्रोजन बाहेर पडणाऱ्या वायूचे सरासरी रेणुवस्तुमान कमी करतो, आणि हलके रेणू त्याच तापमानाला जास्त वेगाने धावतात. पाणी फोडून मिळणारे गुणोत्तर मात्र निसर्गाने ८ वर बांधून दिले आहे : १६ भाग ऑक्सिजन, २ भाग हायड्रोजन. दुसरे कारण आकाराचे. अंगठ्याएवढ्या ज्वलनकक्षात आकारमानाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ फार, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते, आणि बारीक नोझलमध्ये घर्षणाचा वाटाही मोठा. ज्योतीचे तापमान ३,००० अंश सेल्सियसच्या घरात जाते. प्लॅटिनमही १,७६८ अंशांना वितळते. म्हणून हे थ्रस्टर काही सेकंदच पेटवतात आणि मग थंड होऊ देतात. वायू जमायला अर्धा तास लागतोच, त्यामुळे ही सक्तीची विश्रांती अडचणीची ठरत नाही.

थोडा ऑक्सिजन बाजूला ठेवून हायड्रोजनबहुल मिश्रण जाळणे, आणि उरलेला ऑक्सिजन दिशा बदलण्यासाठी थंड वायू म्हणून सोडणे, ही युक्तीही करता येते. गुणोत्तर बांधलेले असले तरी दोन्ही वायू एकाच छिद्रातून काढले पाहिजेत असे नाही.

आता प्रत्यक्ष काम घेऊ. १० किलोचा उपग्रह ५०० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत आहे. काम संपले. त्याच्या कक्षेचा सर्वात खालचा बिंदू २५० किलोमीटरवर आणला की तिथली हवा उरलेले काम करील. यासाठी लागणारा वेगबदल सुमारे ७१ मीटर प्रति सेकंद येतो.

त्सिओलकोव्स्कीच्या समीकरणानुसार, वेगबदल = प्रभावी वेग × (सुरुवातीचे वस्तुमान ÷ शेवटचे वस्तुमान) याचा नैसर्गिक लॉगरिदम. आकडे घातले की पाण्याने हे काम सुमारे २४० ग्रॅममध्ये होते. हायड्राझिनला सुमारे ३२० ग्रॅम लागतील, नायट्रोजनला ९८० ग्रॅम. नायट्रोजनचा जवळजवळ एक किलो उच्च दाबाच्या जाड टाकीत ठेवावा लागेल. पाण्याचे २४० ग्रॅम पातळ पिशवीत.

वेळ किती? प्रदक्षिणेला एक ग्रॅम, म्हणजे २४० प्रदक्षिणा, म्हणजे सुमारे १६ दिवस. रेटा १ न्यूटन धरला तर १ ग्रॅम वायू ३ सेकंदांत संपतो आणि वेग सेकंदाला २९ सेंटिमीटरने बदलतो. कक्षेच्या त्याच बिंदूवर, दर फेरीला, तीन सेकंद. पाळण्याला दर झोक्याला एक टिचकी द्यावी तसे, फक्त इथे टिचकीने पाळणा खाली येतो.

विद्युत थ्रस्टरशी तुलना

सौरऊर्जा वापरायचीच तर तिने झेनॉनचे आयन करून प्रचंड वेगाने का फेकू नयेत? हॉल थ्रस्टर तेच करतात. त्यांचा विशिष्ट आवेग १,५०० सेकंद आणि कार्यक्षमता ५० टक्के धरू. वरच्याच कामाला प्रणोदक लागेल अवघे ४८ ग्रॅम. पाण्याच्या पाचवा हिस्सा.

पण ऊर्जा मोजा. हॉल थ्रस्टरला प्रत्येक ग्रॅमसाठी सुमारे २१६ किलोज्यूल लागतात, म्हणजे ४८ ग्रॅमसाठी १०.४ मेगाज्यूल. पाण्याच्या २४० ग्रॅमसाठी लागले ४.६ मेगाज्यूल. निम्म्याहून कमी! कारण साधे आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि संवेग नुसत्या वेगाने. वस्तुमान वाचवायला गेलात की ऊर्जेचे बिल वाढते. शिवाय अगदी छोटा हॉल थ्रस्टरही शंभर-दोनशे वॅट एकदम मागतो, आणि १० किलोच्या उपग्रहाकडे तेवढे नसतात. पाण्याच्या घटाला ५ वॅट दिले तरी तो चालतो, फक्त हळू.

माझे मत असे की ही तुलना पाठ्यपुस्तकांत क्वचित केलेली असते, आणि नुसत्या विशिष्ट आवेगाचा तक्ता देऊन विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. मोठा विशिष्ट आवेग म्हणजे नेहमीच चांगले इंजिन असे नव्हे. वीज तुटपुंजी, पाणी स्वस्त, आणि कधीमधी जोराचा धक्का हवा (समोरून कचऱ्याचा तुकडा येत असेल तेव्हा), तिथे पाणी जिंकते. वर्षानुवर्षे हळूहळू मोठा वेगबदल करायचा असेल, तिथे ते हरते.

कोणी करून पाहिले?

कल्पना १९६०च्या दशकापासूनची आहे. ती कक्षेत नेण्याचे ठळक उदाहरण म्हणजे नासाचा ‘पीटीडी-१’ हा सहा एककांचा क्यूबसॅट, २४ जानेवारी २०२१ रोजी सोडलेला. त्यावर टेदर्स अनलिमिटेड या कंपनीची ‘हायड्रॉस’ ही पाण्याच्या विद्युत अपघटनावर चालणारी प्रणाली चाचणीसाठी बसवली होती. कॉर्नेलचे यान नासाच्या आर्टेमिस-१ बरोबर जायचे होते, पण ते वेळेत तयार झाले नाही. त्याच आर्टेमिस-१ बरोबर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेल्या जपानच्या ‘इक्युलियस’ यानातही पाणीच प्रणोदक होते. तिथे मात्र पाणी फोडले नाही, नुसती वाफ करून सोडली. विशिष्ट आवेग कमी, पण यंत्रणा फारच सोपी. विद्यार्थी प्रकल्पासाठी मी आधी हाच मार्ग सुचवीन.

भारतात अगदी याच जातीचे इंजिन नसले तरी शेजारची कामे झाली आहेत. बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने सुरुवातीच्या काळात पाणी वापरणाऱ्या मायक्रोवेव्ह प्लाझ्मा थ्रस्टरवर काम केले. आयआयटी मुंबईत वाढलेली मनस्तू स्पेस ही कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले, हायड्राझिनला पर्याय ठरेल असे प्रणोदक वापरते. पेरॉक्साइड म्हणजे पाण्याला एक ऑक्सिजन जास्त. त्यात ऊर्जा आधीच भरलेली असते, त्यामुळे सूर्याची वाट पाहावी लागत नाही, पण साठवताना जपावे लागते.

सर्वात जवळचा नातेवाईक इस्रोचाच आहे. १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ उडाले. त्याच्या शेवटच्या टप्प्याचाच प्रयोगमंच (पोएम-३) करून त्यावर विक्रम साराभाई अवकाश केंद्राने बहुवारिक पटलाचा इंधन घट चालवून पाहिला. टाक्यांतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून १८० वॅट वीज मिळाली, आणि उपपदार्थ म्हणून पाणी. आपल्या घटाची ही उलटी अभिक्रिया आहे. पटल त्याच जातीचे, शून्य गुरुत्वात पाणी आणि वायू वेगळे ठेवण्याची डोकेदुखीही त्याच जातीची. दोन्ही घट एकाच यानात ठेवले, तर दिवसा पाणी फोडायचे, रात्री वायू जोडून वीज घ्यायची, आणि गरज पडली की तेच वायू थ्रस्टरला द्यायचे. बॅटरी आणि इंजिन यांचा एक सामाईक साठा. त्यातून वातावरणासाठी ऑक्सिजनही काढता येतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे अंतराळवीर पाण्याच्या विद्युत अपघटनातून मिळालेला ऑक्सिजन श्वासात घेतात.

चंद्राच्या बाबतीत हा साठा आणखी महत्त्वाचा ठरेल. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी आणि हायड्रॉक्सिल यांच्या खुणा दाखवल्या, ते २००९ साली जाहीर झाले. ध्रुवांजवळच्या सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याचे पुढे आणखी पुरावे मिळाले. पृथ्वीवरून एकेक किलो वर नेण्यापेक्षा तिथलेच पाणी फोडता आले तर परतीचे प्रणोदक तिथेच मिळेल, असा विचार आहे. मात्र उणे दोनशे अंशांच्या आसपासच्या काळोख्या विवरात सौरऊर्जा कुठून आणायची, हा प्रश्न तिथेही पहिला आहे.

सरावासाठी

१. घट १.८ ऐवजी १.६ व्होल्टवर चालला, तर १० वॅटमध्ये १ ग्रॅम पाणी फोडायला किती वेळ लागेल? (सुमारे साडेअठ्ठावीस मिनिटे)

२. पाच घट एकसरीत जोडून २ अँपिअर प्रवाह दिला. प्रत्येक घटावर १.८ व्होल्ट असल्यास लागणारी शक्ती आणि १ ग्रॅमला लागणारा वेळ काढा. (१८ वॅट, सुमारे १८ मिनिटे) एकसरी जोडणीत प्रवाह तोच असूनही वायू पाचपट का मिळतो, ते एका वाक्यात लिहा.

३. ‘स्वयम्’सारख्या १ किलोच्या उपग्रहात ५० ग्रॅम पाणी ठेवले, विशिष्ट आवेग ३०० सेकंद. एकूण वेगबदल किती मिळेल? (सुमारे १५१ मीटर प्रति सेकंद) हा आकडा कागदावर चांगला दिसतो. घट, दोन टाक्या, झडपा, ठिणगीची यंत्रणा आणि सौरपट्ट्या हे सगळे १० सेंटिमीटरच्या घनात बसवायला घ्या आणि सर्वात आधी काय अडते ते आकृतीसह मांडा.